पथ्याची वेळ

मराठी घरात मोठे आजारपण आले की वैद्याला किंवा डॉक्टरांना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘बरे वाटेल ना?’ आणि दुसरा, ‘पथ्य काय पाळायचे?’ औषधाइतकाच पथ्यावर विश्वास ठेवणारा हा समाज आहे, आणि त्या विश्वासात पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव साठलेला आहे. अन्नाचा आणि आरोग्याचा संबंध असतो, हे समजण्यासाठी आपल्या आजी-पणजींना प्रयोगशाळेची गरज भासली नव्हती.

कर्करोगाचे निदान झालेल्या घरात तर पथ्याला उधाण येते. भेटीला येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगून जातो. एक म्हणतो, दूध बंद करा. दुसरा म्हणतो, साखरेचा कणही नको. तिसऱ्याला भात आणि गहू दोन्ही वर्ज्य वाटतात. कोणी गव्हांकुरांचा रस आणून देतो, कोणी कडुनिंबाची पाने, कोणी हळदीचे पाणी. पंधरा दिवसांत रुग्णाचे ताट रिकामे होते आणि त्याचे अंग झडू लागते. याच घरात वीस-पंचवीस वर्षे रोज जेवणानंतर तळहातावर तंबाखू मळली जात होती. चुन्याची डबी कोनाड्यात असे, तिच्याकडे बोट दाखवावे असे कोणालाही वाटले नाही. तेव्हा पथ्याचा शब्द कोणी काढला नव्हता.

आहार, सवयी आणि कर्करोग यांच्याविषयी समाजात जो गोंधळ दिसतो, त्याचे मूळ येथे आहे. पथ्य पाळायची तयारी आहे, परंतु पथ्याची वेळ चुकते. जेव्हा सवयी बदलून धोका टाळता आला असता, तेव्हा माणूस निर्धास्त असतो. आणि जेव्हा शस्त्रक्रिया, औषधे व किरणोपचार यांची खरी गरज असते, तेव्हा तो ताटातून औषध शोधू लागतो. हा क्रम उलटा आहे. तो सुलटा कसा होईल, याचा विचार प्रत्येक घराने केला पाहिजे.

प्रथम रोगाचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. शरीरातील पेशी नियमाने वाढतात, विभागतात आणि वेळ आली की मरतात. हा नियम पेशींतील जनुके सांभाळतात. तंबाखू, मद्य, काही विषाणू, किरणोत्सर्ग यांसारख्या कारणांनी या जनुकांना इजा होते. काही इजा शरीर दुरुस्त करते, काही तशाच साठत जातात. बऱ्याच वर्षांनंतर एखादी पेशी नियम झुगारून बेबंद वाढू लागते आणि त्यातून गाठ होते. म्हणजे हा रोग एका दिवसात, एका जेवणाने होत नाही, आणि म्हणूनच तो एका फळाने किंवा एका काढ्याने जातही नाही.

सर्व प्रकारच्या कर्करोगांपैकी ३० ते ५० टक्के टाळता येण्यासारखे आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या आकड्याला दोन बाजू आहेत. कर्करोगाचा मोठा वाटा माणसाच्या आणि समाजाच्या हाती आहे, ही एक बाजू. उरलेला तितकाच किंवा त्याहून मोठा वाटा कोणाच्याही हाती नाही, ही दुसरी. वाढते वय, आनुवंशिकता आणि पेशी विभागताना आपोआप होणाऱ्या चुका यांवर कोणाचीच सत्ता चालत नाही. पहिली बाजू विसरली तर दैववाद येतो. दुसरी विसरली तर रुग्णालाच दोषी धरण्याचा कठोरपणा येतो. दोन्ही सारखेच घातक आहेत.

जे हाती आहे, त्यात भारतापुरते बोलायचे तर पहिला मान तंबाखूचाच आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० सालच्या अहवालानुसार देशातील सुमारे २७ टक्के कर्करोग तंबाखूशी निगडित अवयवांचे आहेत. पाश्चात्त्य देशांत तंबाखू म्हटले की सिगारेट डोळ्यांसमोर येते. भारतात तिची रूपे अनेक आहेत. उत्तरेत खैनी, महाराष्ट्रात मळलेली तंबाखू आणि मावा, सर्वत्र बिडी आणि गुटखा. महाराष्ट्रातील अनेक स्त्रिया तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड, म्हणजे मशेरी, दातांना लावतात. दात स्वच्छ करण्याच्या निमित्ताने ती हाती येते आणि मग दिवसातून चार वेळा लावल्याशिवाय चैन पडत नाही. मशेरी लावणारी बाई स्वतःला व्यसनी समजत नाही, आणि घरही तिला तसे समजत नाही.

सुपारीचे तर याहून अवघड आहे. विड्यात सुपारी, पूजेत सुपारी, लग्नाच्या बोलणीत सुपारी. पाहुण्यापुढे पानाचे तबक ठेवणे हा आदराचा भाग मानला जातो. परंतु तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगाला कारण ठरते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केला. सुपारी सतत चघळल्याने गालाचे आतले अस्तर राठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. तिखट घास सहन होत नाही. मग बोटे आत जाईनाशी होतात. गुटख्याच्या पुड्या स्वस्त झाल्यापासून हा विकार तरुण मुलांतही दिसू लागला. तो कर्करोग नव्हे, पण कर्करोगाच्या उंबरठ्यावरची पायरी आहे.

या विषयावर कायदे झाले नाहीत असे नाही. २००३ च्या केंद्रीय कायद्याने शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई केली. गोव्याने २००५ साली आणि महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तरीही पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी वेगवेगळी विकून, ग्राहकाने ती हातावर एकत्र करावी, अशी पळवाट बाजाराने शोधली. कायदा कागदावर राहतो आणि पुडी शाळेच्या वाटेवर मिळते, तोवर ‘व्यसन सोडा’ हा उपदेश अपुरा आहे.

शिवाय व्यसनाकडे केवळ मनाचा दुबळेपणा म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. ऊसतोडीला पहाटे निघणारा मजूर, रात्रपाळीचा पहारेकरी, वीटभट्टीवरील बाई यांना तंबाखूने भूक मरते आणि झोप उडते, हे ठाऊक असते. दुपारचे जेवण उशिरा मिळणार असेल, किंवा पोटभर मिळणारच नसेल, तर एक चिमूट तंबाखू त्यांना आधार वाटते. जी वस्तू अन्नाची जागा घेते, ती सोडायला सांगताना अन्नाची आणि विश्रांतीचीही सोय पाहावी लागते.

‘आमच्या आजोबांनी जन्मभर तंबाखू खाल्ली आणि नव्वदी गाठली,’ हा युक्तिवाद प्रत्येक गावात ऐकू येतो. तो खोटा नसतो. पण तो अपुरा असतो. डोळे मिटून रस्ता ओलांडणारे काही जण पलीकडे सुखरूप पोचतात, म्हणून डोळे मिटून चालणे शहाणपणाचे ठरत नाही. जे पोचले त्यांच्या गोष्टी पारावर सांगितल्या जातात. जे पन्नाशीच्या आत गेले, ते आपली गोष्ट सांगायला उरत नाहीत.

सवयींचा परिणाम किती दूरवर पोचतो, हे भारताचा नकाशा पाहिला की स्पष्ट होते. वर उल्लेखिलेल्या अहवालात पुरुषांमधील कर्करोगाचे सर्वाधिक प्रमाण मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात आढळले. वयातील फरक जमेस धरून दर लाख पुरुषांमागे वर्षाला सुमारे २६९ नवे रुग्ण. सर्वांत कमी प्रमाण मराठवाड्यातील उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, आणि बीड या जिल्ह्यांत होते. तेथे हा आकडा ४० च्या आत होता. मिझोराममध्ये जठराचा कर्करोग विशेष आढळतो. तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून ते पाणी तोंडात धरण्याची तेथील प्रथा आणि धुरावर सुकवलेले खारट मांस यांच्याशी संशोधकांनी त्याचा संबंध जोडला आहे. काश्मीरमध्ये थंडीपासून बचाव म्हणून निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरतात. वर्षानुवर्षांच्या त्या धगीने पोटाच्या आणि मांडीच्या कातडीला होणारा कर्करोग तेथील डॉक्टरांच्या चांगला परिचयाचा आहे. प्रत्येक प्रदेशाची सवय तेथील शरीरावर आपली खूण ठेवते.

यावरून ‘खेड्यातले जीवन निर्मळ, शहरातले दूषित’ असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवली जाते. मुंबईतील नोंदणी १९६३ पासूनची आहे. दोन्ही ताडून पाहिल्या तर स्तनाचा कर्करोग मुंबईत बराच अधिक दिसतो. उशिरा होणारे पहिले बाळंतपण, कमी काळ अंगावर पाजणे, वाढलेले वजन आणि कमी झालेले कष्ट ही त्याची काही ज्ञात कारणे आहेत. एवढ्यापुरता खेड्याचा पक्ष बळकट वाटतो. पण त्याच ग्रामीण भागात गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने असंख्य स्त्रिया गेल्या. तो एका विषाणूमुळे होतो. ज्वारीची भाकरी आणि शेतातले श्रम त्याला अडवू शकत नाहीत. त्याला अडवते ती लस आणि वेळेवर केलेली तपासणी. उस्मानाबाद जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा सहभाग असलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात केवळ एकदा या विषाणूची तपासणी केल्याने त्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तेव्हा तपासणी हेही एक पथ्यच मानले पाहिजे, आणि ते निरोगी असतानाच पाळायचे असते.

मग आहाराचे काय? आहाराचा संबंध निश्चित आहे, परंतु तो एखाद्या चमत्कारी पदार्थाशी नसून रोजच्या ताटाशी आहे. शरीरात साठलेली जादा चरबी किमान तेरा प्रकारच्या कर्करोगांचा धोका वाढवते. मद्य कर्करोगकारक आहे, हे १९८८ पासून मान्य झालेले आहे. त्यात देशी-विदेशी असा भेद नाही. खारवून, धुरावून किंवा रसायने घालून टिकवलेले मांस रोज खाल्ल्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे २०१५ साली जाहीर झाले. बुरशी आलेल्या शेंगदाण्यांत आणि मक्यात यकृताला घातक असे विष तयार होते. ‘निवडून घेतले की झाले’ म्हणून किडके, काळवंडलेले दाणे कुटात घालणारी काटकसर म्हणूनच महाग पडू शकते. याउलट अखंड धान्ये, कडधान्ये, पालेभाज्या आणि फळे यांतील चोथा आतड्याचे रक्षण करतो. भाकरी, मोडाची उसळ, मेथी किंवा शेपूची भाजी, सोबत ताक, असे साधे ताट कोणत्याही महागड्या डब्यातील भुकटीपेक्षा उजवे आहे.

भुकटीचा आणि गोळ्यांचा भरवसा किती फसवा असतो, याचा एक प्रसिद्ध दाखला फिनलंडमधील आहे. गाजरासारख्या भाज्यांत असणारे बीटा-कॅरोटीन हे द्रव्य फुप्फुसाचे रक्षण करील, या अपेक्षेने सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा अभ्यास केला गेला. १९९४ साली निष्कर्ष हाती आले तेव्हा संशोधकही चकित झाले. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी वाढला होता. गाजर खाणे वेगळे आणि गाजरातील एक द्रव्य वेगळे काढून गिळणे वेगळे. सिगारेट चालू ठेवून गोळीने तिची भरपाई करता येत नाही, हाही त्यातला धडा आहे.

आता रोग झाल्यानंतरच्या पथ्याकडे वळू. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका माजी क्रिकेटपटूने आपल्या पत्नीचा चौथ्या टप्प्यातील कर्करोग आहारातील बदल, हळद, कडुनिंब आणि लिंबूपाणी यांनी बरा झाल्याचे जाहीर सांगितले. तिची शस्त्रक्रिया आणि औषधोपचारही झाले होते. पण लोकांच्या कानी राहिले ते लिंबूपाणी. अवघ्या दोन दिवसांत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांना निवेदन काढावे लागले: या पदार्थांनी कर्करोग बरा होतो याला भक्कम पुरावा नाही, त्यांच्यावर विसंबून उपचार लांबवू नका. १९४१ पासून रुग्णसेवा करणाऱ्या संस्थेतील इतक्या डॉक्टरांना एकत्र येऊन बोलावेसे वाटले, कारण अशा एका वाक्याची किंमत त्यांनी वर्षानुवर्षे पाहिली आहे. गाठ लहान असताना घरी परतलेला रुग्ण सहा महिन्यांनी परत येतो, तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, बऱ्या होऊ शकणाऱ्या टप्प्यावर प्रचलित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट आढळला.

याचा अर्थ उपचारकाळात आहार गौण आहे, असा मुळीच नाही. त्या काळात शरीर दुहेरी झीज सोसत असते, रोगाची आणि औषधाची. तोंड येते, चव जाते, मळमळ होते आणि वजन उतरते. वजन फार घटले तर औषधाची मात्रा कमी करावी लागते किंवा उपचार थांबवावे लागतात. अशा वेळी ताटातून पदार्थ काढण्यापेक्षा ताटात भर घालणे महत्त्वाचे असते. मऊ भात आणि मुगाचे वरण, तुपाची धार घातलेली खिचडी, उकडलेले अंडे, नाचणीची पेज, शिजवलेली भाजी, थोडे थोडे पण वारंवार. अन्न ताजे, पाणी उकळलेले, हात स्वच्छ. साखरेवर कर्करोग पोसतो म्हणून गोड घास तोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की शरीरातील प्रत्येक पेशी साखरेवरच चालते, आणि ती मिळाली नाही तर शरीर स्वतःचे मांस झिजवून साखर तयार करते. मधुमेहासारखा दुसरा विकार असेल, तर काय वर्ज्य करायचे ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सांगतील. शेजाऱ्यांनी सांगू नये.

हालचालीचेही तसेच. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व औषधोपचार पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाकडून तीन वर्षे मार्गदर्शनाखाली नियमित व्यायाम करून घेतला. दुसऱ्याला केवळ माहितीपुस्तिका दिली. आठ वर्षांनंतर व्यायाम करणाऱ्यांपैकी शेकडा ९० हयात होते, दुसऱ्या गटातील ८३. हा फरक लहान नाही. परंतु त्यातील ‘उपचार पूर्ण झालेल्या’ हे शब्द विसरता येणार नाहीत. येथे व्यायामाने औषधाला हात दिला, औषधाची जागा घेतली नाही. तंबाखू सोडण्याचेही तसेच आहे. निदानानंतर सोडली तरी उपचार अधिक लागू पडतात. त्या अर्थाने उशीर झाला असे कधीच नसते.

घरातील एक गोष्ट मात्र कोणत्याही औषधपत्रिकेवर लिहिलेली नसते. अनेक घरांत आजारी पुरुषाला ताजे, गरम ताट मिळते. आजारी बाई मात्र उपचार घेऊन आल्यावरही स्वतः चूल पेटवते आणि सर्वांच्या नंतर, उरलेसुरले खाते. तिच्या बरे होण्यात हा क्रम आडवा येतो. गव्हांकुरांच्या रसावर पैसे घालवण्याआधी त्या घराने तिला पहिल्या पंगतीला बसवले, तर ते अधिक मोठे पथ्य ठरेल.

आणखी एक पथ्य भेटीला येणाऱ्यांनी पाळायचे आहे. ‘तुम्ही काय खात होता म्हणून हे झाले?’ हा प्रश्न सहानुभूतीच्या आवाजात विचारला जातो आणि रुग्णाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. जन्मभर तंबाखूला न शिवलेल्या, साधे जेवणाऱ्या माणसालाही हा रोग होतो. लहान मुलांनाही होतो. धोक्याची माहिती निरोगी माणसाने सावध व्हावे म्हणून असते, आजारी माणसाचा हिशेब मांडण्यासाठी नसते. ज्या समाजात रोगाबरोबर लाजही येते, तेथे स्त्रिया स्तनातील गाठ पदराआड लपवतात आणि पुरुष तोंडातील पांढरा चट्टा कोणाला दाखवत नाहीत. केरळमधील तिरुअनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली, तेव्हा तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. उजेडात केवळ तोंड उघडून दाखवल्याने जीव वाचू शकतो. लाजेने मिटलेले तोंड जीव घेऊ शकते.

तेव्हा पथ्याचा क्रम नीट लावला पाहिजे. निरोगी असताना तंबाखू, सुपारी आणि मद्य दूर ठेवणे, ताट साधे व भरलेले ठेवणे, शरीर हलते ठेवणे आणि तपासणी टाळू नये, हे पहिले पथ्य. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, न दुखणारी गाठ, अकारण रक्तस्राव किंवा घटते वजन दिसताच डॉक्टरांकडे जाणे, हे दुसरे. निदान झाल्यावर उपचार न सोडणे आणि ते पेलण्यासाठी पोटभर खाणे, हे तिसरे. शाळेजवळची टपरी हटवणे, मजुराला वेळेवर जेवण मिळू देणे आणि आरोग्यकेंद्रात तपासणीची सोय ठेवणे, हे चौथे. ते समाजाने आणि शासनाने पाळायचे आहे.

कोनाड्यातली चुन्याची डबी घरातल्या सर्वांना दिसत असते. तिच्याविषयी बोलायची वेळ निदानाच्या कागदानंतरची नव्हे. सगळे एकत्र जेवायला बसलेले असतात, कोणीही आजारी नसते, तीच ती वेळ.